शेजारच्या इमारतीची वीज

११ मार्च २०११ रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास जपानच्या ईशान्य किनाऱ्यालगत भूकंप झाला आणि फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्राला बाहेरून मिळणारी वीज गेली. कुठे स्विचयार्डातली उपकरणं मोडली, कुठे टॉवरच आडवा झाला. तेवढ्याने कुणाचं धाबं दणाणण्याचं कारण नव्हतं, कारण अशाच वेळेसाठी केंद्रात १३ डिझेल जनरेटर बसवलेले होते. त्यांतला एक देखभालीसाठी बंद होता, बाकीचे ठरल्याप्रमाणे आपोआप सुरू झाले. पाऊण-एक तासाने त्सुनामीची मोठी लाट आली. ती ओसरली तेव्हा १३ पैकी एकच जनरेटर चालू होता. सहाव्या अणुभट्टीचा, ‘६बी’ नावाचा.

तो वाचला यात नशीब थोडं आणि मांडणी जास्त होती. बहुतेक जनरेटर समुद्राच्या पाण्याने थंड होणारे होते. ते पाणी आणणारे पंप किनाऱ्यावर होते आणि लाटेने आधी तेच गाठले. ६बी हवेवर थंड होणारा होता आणि तळघरात नव्हता, एका वेगळ्या इमारतीत जमिनीच्या पातळीवर होता. शिवाय पाचवी आणि सहावी भट्टी समुद्रसपाटीपासून १३ मीटरवर बांधलेली, पहिल्या चार १० मीटरवर. त्या ३ मीटरचा फरक पडला. पण हवेवर थंड होणारे आणखी दोन जनरेटर केंद्रात होते, दुसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी. ती यंत्रंही पाण्याखाली गेली नव्हती. बुडाले ते त्यांचे पॅनल, कारण पॅनल तळघरात होते. इंजिन धडधाकट, पण त्याची वीज पुढे न्यायला वाटच उरली नाही.

आता शेजारच्या पाचव्या भट्टीकडे पाहू. ती जानेवारीपासून तपासणीसाठी बंद होती, पण इंधन आत होतं आणि बंद भट्टीतलं इंधनही उष्णता सोडत राहतं. तिचे स्वतःचे दोन्ही जनरेटर गेलेले. ती तगली ती शेजारच्या विजेवर. लगतच्या दोन-दोन भट्ट्यांचे विद्युतसंच अडीअडचणीला एकमेकांना जोडता यावेत अशी सोय जपान्यांनी काही वर्षांपूर्वीच करून ठेवली होती. १२ मार्चच्या सकाळी ६बीची वीज पाचव्या भट्टीच्या उपकरणांपर्यंत पोचू लागली. पाचवीचे काही पॅनल पाण्यात गेल्यामुळे पक्की जोडणी सगळीकडे कामाची नव्हती, म्हणून तात्पुरत्या केबल टाकून ती वीज थेट एकेका उपकरणाला नेली. २० मार्चला दोन्ही भट्ट्या थंड आणि स्थिर अवस्थेत आल्या.

अशाच जोडण्या पहिल्या-दुसऱ्या आणि तिसऱ्या-चौथ्या भट्ट्यांतही होत्या. त्यांचा उपयोग झाला नाही, कारण एकाच लाटेने दोन्ही बाजू एकदम गाठल्या. तिथे जनरेटर बसवलेले ट्रक आणावे लागले. ट्रकपासून दुसऱ्या भट्टीच्या पॅनलपर्यंतची केबल हाताच्या पंज्यात मावणार नाही इतकी जाड, सुमारे २०० मीटर लांब आणि टनाहून जड. एरवी यंत्राने ओढायची ती केबल ४०-एक माणसांनी चिखलातून, ढिगाऱ्यांतून, हातांनी ओढली. १२ तारखेला दुपारी साडेतीनच्या सुमारास काम झालं. ३ वाजून ३६ मिनिटांनी पहिल्या भट्टीच्या इमारतीत हायड्रोजनचा स्फोट झाला आणि केबल निकामी झाली.

अणुभट्टीची गोष्ट इथे थोडी बाजूला ठेवू. शेजारच्या विजेवर विसंबण्याच्या याच प्रश्नाची घरगुती आवृत्ती आपल्याकडच्या हजारो सोसायट्यांत, शाळा-कॉलेजांत आणि टप्प्याटप्प्याने वाढलेल्या रुग्णालयांत आहे. आधी एक इमारत झाली, तिला जनरेटर घेतला. दहा वर्षांनी शेजारी दुसरी उभी राहिली. आता लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, जमलं तर फायर पंप, एवढं तरी दुसऱ्या इमारतीचंही याच जनरेटरवर चालावं अशी मागणी येते. सभेत कुणीतरी उठून म्हणतं, “एक केबलच तर टाकायची आहे.”

मागणी चुकीची नसते. उलट तिच्या बाजूने एक कारण असं आहे, जे सभेत कुणी सांगत नाही. डिझेल इंजिनाला अर्धपोटी राहणं मानवत नाही. क्षमतेच्या ३० टक्क्यांहून कमी भारावर ते तासन्‌तास चालवलं तर सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, डिझेल पूर्ण जळत नाही आणि न जळलेलं तेल काजळीसकट धुराड्याच्या नळीत साचतं. नळीच्या सांध्यातून काळं तेल झिरपताना दिसलं की समजावं, यंत्राला पुरेसं काम मिळत नाही. डिझेलचा हिशोबही बिघडतो. चांगल्या भारावर लिटरला साडेतीन-चार युनिट देणारं इंजिन हलक्या भारावर त्याच्या निम्म्यावरही येतं. पहिल्या इमारतीने हौसेने मोठा जनरेटर घेऊन ठेवला असेल, तर दुसरीचा भार जोडणं त्याच्या तब्येतीला चांगलंच.

पण केबल मध्ये आली की तिच्याबरोबर चार गोष्टी येतात, आणि त्यांतल्या तीन डोळ्यांना दिसत नाहीत.

दिसणारी गोष्ट जाडीची. समजा, दुसऱ्या इमारतीला १०० अँपियर लागतात आणि पॅनलपासून पॅनलपर्यंतचं अंतर खंदकातून वळणं घेत १५० मीटर भरतं. ५० चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची केबल तेवढा करंट वाहून नेईल, पण वाटेत सुमारे १७-१८ व्होल्ट खाईल. ९५ चौरस मिलिमीटरची घेतली तर ९-१० व्होल्ट. ४१५ मधले १८ व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात. पण लिफ्टची मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. तेवढ्या वेळापुरती केबलमधली घटही त्याच पटीने वाढते, आणि त्याच क्षणी जनरेटरचाही दाब खाली बसलेला असतो. कंट्रोल पॅनलमधला कॉन्टॅक्टर खडखडतो, लिफ्ट हलत नाही, आणि मेकॅनिक येऊन लिफ्टमध्ये बिघाड शोधत बसतो. केबल भार पेलते का, एवढंच पाहून चालत नाही. दुसऱ्या टोकाला किती व्होल्ट उरतात ते पाहावं लागतं.

पहिली न दिसणारी गोष्ट सगळ्यांत जीवघेणी. रोहित्राला दिशा कळत नाही. चौकातला महावितरणचा ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे ४१५ करतो, तसाच खालून ४१५ दिले तर वर ११ हजार करतो. जनरेटर चालू असताना मुख्य लाइनीचा स्विच उघडायचा राहिला, तर आपली वीज उलटी चढून खांबावरच्या तारांत जाते. याला लाइनमन ‘रिटर्न करंट’ म्हणतात. एरवी अशी चूक लगेच उघडी पडते, कारण अख्ख्या गल्लीचा भार अंगावर आला की बिचारा जनरेटर दबून बंद पडतो. धोका त्या वेळी असतो, जेव्हा बिघाडामुळे लाइन जवळच तुटलेली असते. पुढची गल्ली सुटलेली, भार फारसा नाही, जनरेटर आरामात चालतोय, आणि तुटलेल्या तारेपाशी माणूस काम करतोय. म्हणून तर लाइनमनला परमिट घेऊनही तारांवर डिस्चार्ज रॉड लावून त्या अर्थ केल्याशिवाय हात लावायचा नसतो. पण त्याच्या शिस्तीच्या भरवशावर आपण ढिलाई करायची नसते.

एका इमारतीला एक जनरेटर असेल तर यावरचा उपाय साधा आहे. चेंजओव्हर स्विचला दोनच बाजू, वर महावितरण आणि खाली जनरेटर. दांडा एकाच वेळी दोन्हीकडे राहू शकत नाही. दुसरी इमारत आली की हा साधेपणा जातो. तिचा वेगळा ट्रान्सफॉर्मर असतो, वेगळं मीटर असतं, बहुधा वेगळा फीडरही असतो. पहिल्या इमारतीचा चेंजओव्हर ‘जनरेटर’वर आहे, पण दुसरीचा ‘महावितरण’वरच राहिलाय, आणि मधली केबल दोघींच्या बसबारला थेट जोडलेली आहे, असं झालं तर दोन वेगळ्या स्रोतांची वीज एकमेकांवर आदळते. जनरेटर नसतानाही धोका टळत नाही. दोन ट्रान्सफॉर्मर आपल्या पॅनलमधून नकळत जोडले जातात, आणि एका बाजूची लाइन बंद केली तरी ती दुसऱ्या बाजूने जिवंत राहते. त्यात कायद्याचीही गाठ आहे. ज्या जागेसाठी वीज मंजूर झाली, त्याबाहेरच्या जागेत ती वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर धरतात आणि आकारणी दुप्पट दराने होते. ‘दोन दिवसांपुरतं दिलंय’ हा खुलासा तिथे चालत नाही.

म्हणून निम्मं काम केबलचं असतं, निम्मं कुलपांचं. मोठ्या पॅनलमध्ये वापरतात ती युक्ती मला फार आवडते, कारण तिच्यात इलेक्ट्रॉनिक्सचा कणही नाही. पहिल्या इमारतीचा मुख्य ब्रेकर, दुसरीचा मुख्य ब्रेकर आणि दोघींना जोडणारा मधला ब्रेकर, म्हणजे बस कपलर, असे तीन ब्रेकर असतात. तिन्हींवर सारखीच कुलपं, पण चाव्या दोनच. चावी घालून फिरवल्याशिवाय ब्रेकर चालू होत नाही, आणि ब्रेकर बंद केल्याशिवाय चावी निघत नाही. बास. तीनपैकी कुठलेही दोनच ब्रेकर एका वेळी चालू राहू शकतात. दोन्ही मुख्य ब्रेकर चालू असतील तर मधल्यासाठी चावीच शिल्लक नाही. मधला लावायचा तर आधी एक मुख्य ब्रेकर पाडावाच लागतो. रात्री दोन वाजता अर्धवट झोपेत आलेला वॉचमनही चूक करू शकत नाही. एक अट आहे: तिसरी चावी बनवून घेऊन ती टेबलाच्या खणात ठेवायची नाही. आपल्याकडे ही अट पाळली जाईलच याची खात्री मी देणार नाही. ‘हरवली तर असू दे’ म्हणून केलेली ती तिसरी चावी सगळी युक्ती निकालात काढते.

दुसरी न दिसणारी गोष्ट न्यूट्रल. तिन्ही फेजचे भार सारखे नसतील तर उरलेला करंट न्यूट्रलमधून परततो. चेंजओव्हर करताना फेज बदलले पण न्यूट्रल तसाच सामाईक ठेवला, तर एका इमारतीचा परतीचा करंट दुसरीच्या न्यूट्रलमधून किंवा अर्थिंगमधून वाट काढतो. घरातले आरसीसीबी जाणारा आणि येणारा करंट ताडून पाहतात. परतीची वाट बदलली की ते विनाकारण पडू लागतात, आणि मग कुणीतरी वैतागून ते काढूनच टाकतं. यासाठी चार पोलचा चेंजओव्हर घ्यावा, म्हणजे तिन्ही फेजसोबत न्यूट्रलही बदलतो. पण इथेही एक मेख आहे. न्यूट्रलचा संपर्क ढिला असला किंवा फेजच्या आधी तुटला, तर वेगवेगळ्या फेजवरची दोन घरं एकमेकांच्या माळेत येतात. त्यांच्यावर मिळून ४१५ व्होल्ट पडतात, आणि कुणाच्या वाट्याला किती हे त्या क्षणी कुणाकडे किती उपकरणं चालू आहेत त्यावर ठरतं. ज्याच्या घरी एकच दिवा आणि टीव्ही चालू आहे, त्याचा टीव्ही जातो. शेजारी इस्त्री करणाऱ्याचं काही बिघडत नाही, फक्त इस्त्री तापत नाही. न्यूट्रल तुटल्याने पंधरा-वीस घरांतले फ्रिज एका संध्याकाळी जळाल्याची बातमी आपण वाचतो, तिच्यामागे बहुधा हेच असतं.

तिसरी गोष्ट अनुभवी वायरमनच्याही लक्षात येत नाही, कारण ती रोजच्या वापरात कधी पुढे येतच नाही. शॉर्टसर्किट झालं की ब्रेकर पडतो, असं आपण गृहीत धरतो. पण ब्रेकर पडायला पुरेसा मोठा करंट यावा लागतो. ६३० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरजवळ शॉर्ट झाला तर १५ हजार अँपियरच्या वर करंट उसळतो आणि ब्रेकर पापणी लवायच्या आत उडतो. १२५ केव्हीएच्या जनरेटरची पूर्ण भाराची ताकद १७४ अँपियर. शॉर्ट झाल्यावर तो पहिल्या क्षणी फार तर हजार-बाराशे अँपियरच्या आसपास देईल, आणि लगेच घसरून पूर्ण भाराच्या दोन-तीन पटींवर येईल. साध्या बनावटीचा असेल तर तेवढंही टिकवणार नाही. त्यात मध्ये १५० मीटरच्या केबलचा अडसर. दुसऱ्या इमारतीचा २५० अँपियरचा ब्रेकर नेहमीप्रमाणे दहा पटीवर, म्हणजे अडीच हजारांवर झटपट पडायला लावलेला असेल, तर त्याच्या लेखी हे शॉर्टसर्किट नाहीच. तो फार तर तापून हळूहळू पडेल, तोवर केबल भाजत राहील. किंवा जनरेटरचा दाबच कोसळेल आणि दुसऱ्या इमारतीच्या तळमजल्यावर उंदराने कुरतडलेल्या एका वायरीपायी पहिलीच्या लिफ्टमध्ये माणसं अडकतील. जनरेटरवर चालताना लागणारी सेटिंग वेगळी असते, ती वेगळी काढावी लागते. फीडरसाठी जनरेटरच्या ताकदीला बेतलेला छोटा ब्रेकर आणि त्याच्यासोबत अर्थफॉल्ट रिले घ्यावी, तिचा खर्च केबलच्या मानाने नगण्य असतो.

फेजचा क्रम उलटा होणं हा त्यामानाने सुसह्य प्रकार. जोडताना लाल, पिवळ्या, निळ्यापैकी दोन तारांची अदलाबदल झाली की तीन फेजची मोटर उलटी फिरते. लिफ्टच्या कंट्रोलरमध्ये ते ओळखणारी रिले असते, त्यामुळे लिफ्ट नुसतीच थांबते. पंप थांबत नाही. तो आवाज करत फिरतो, वर पाणी मात्र चढत नाही, आणि दोष टाकीच्या बॉलकॉकवर जातो.

दोन्ही इमारतींकडे स्वतःचे जनरेटर असले की पुढचा मोह होतो, दोन्ही एकदम एकाच बसवर चालवण्याचा. एकाला दुसऱ्याची जोड, भार वाढला की दोघं मिळून उचलतील. होतं तसं, पण त्यासाठी ते एका तालात आणावे लागतात. दोघांचा व्होल्टेज सारखा, वेग सारखा (५० हर्ट्झसाठी चार पोलचा अल्टरनेटर मिनिटाला १५०० फेरे), फेजचा क्रम सारखा, आणि लाटेचा माथा नेमका त्याच क्षणी यावा लागतो. जुन्या पॉवर हाऊसमध्ये हे दिव्यांवर करत. दोन यंत्रांच्या त्याच फेजमध्ये दिवा लावायचा. लाटा जुळत नसल्या की तो उजळतो, जुळल्या की विझतो. वेगात किंचित फरक असेल तर दिवा सावकाश उजळत-विझत राहतो. तो अगदी संथ झाला की अंधाराच्या मधोमध ब्रेकर लावायचा. लाटा नेमक्या उलट असताना त्या दिव्यावर दुप्पट व्होल्टेज पडतो, म्हणून एका जागी दोन दिवे माळेत लावत, नाहीतर पहिल्याच उजेडाला तो फुटायचा. ब्रेकर भलत्याच क्षणी लावला तर काही टन वजनाची दोन यंत्रं एकमेकांना झटक्यात ओढून एका रांगेत आणू पाहतात. मग इंजिन आणि अल्टरनेटर यांच्यामधलं कपलिंग तुटतं, कधी शाफ्टच पिळवटतो. आता हे सगळं एक छोटा नियंत्रक करतो आणि भारही वाटून देतो. तरीही एखाद्या सोसायटीने हे करावं असं मला वाटत नाही. रुग्णालयाने, डेटा सेंटरने जरूर करावं, कारण तिथे ते सांभाळायला चोवीस तास माणूस असतो. सोसायटीला एक यंत्र चालू आणि एक राखीव, मध्ये कुलपांचा कपलर, एवढं पुरतं.

दोन वीजव्यवस्था जोडाव्यात की सुट्या ठेवाव्यात, याचं उत्तर फुकुशिमाच्या पाचव्या-सहाव्या भट्टीवरून काढलं तर ‘जोडा’ असं येतं. आपल्याकडचं एक उदाहरण नेमकं उलट सांगतं. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात पहिल्या युनिटच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. त्या धक्क्याने जनरेटरमधला हायड्रोजन गळून पेटला, तेल पेटलं, आणि आग केबलींच्या मार्गाने पसरत गेली. आणीबाणीचा एक पुरवठा गेला तर दुसरा असावा, म्हणून केबली दुहेरी होत्याच, पण त्या एकमेकींपासून पुरेशा दूर नव्हत्या आणि मध्ये आग अडवणारे अडसर नव्हते. दोन्ही वाटा एकाच आगीत जळाल्या. धूर नियंत्रण कक्षात शिरला आणि कर्मचाऱ्यांना तिथून बाहेर पडावं लागलं. सुमारे १७ तास युनिटला कसलीच वीज नव्हती. तगवलं ते डिझेल इंजिनावर थेट चालणाऱ्या आगीच्या पंपांनी. त्या पंपांना कुठल्याही केबलीची गरज नव्हती, त्यांचं पाणी वाफेच्या बॉयलरांत सोडून भट्टीची उष्णता काढली गेली. इंधनाला इजा झाली नाही.

तारापूर अणुवीज केंद्राची पहिली दोन युनिटं १९६९ मध्ये सुरू झाली. ती अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने दिलेली, फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीच्याच कुळातली. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे दोन युनिटांत अनेक व्यवस्था सामाईक होत्या. २००५-०६ च्या सुमारास त्यांचं मोठं नूतनीकरण झालं. त्यात जास्त क्षमतेचे नवे डिझेल जनरेटर बसवले, आणि आणीबाणीचा वीजपुरवठा युनिटवार वेगळा केला. भट्टी बंद झाल्यावर लागणारी शीतकरणाची व्यवस्थाही वेगळी केली. जिथे सामाईक होतं तिथे मुद्दाम भिंत घातली. फुकुशिमाच्या पाच-सहा वर्षं आधी आजच्या पालघर जिल्ह्यात हे होऊन गेलं होतं.

ही दोन उत्तरं एकमेकांविरुद्ध वाटतात, पण तशी ती नाहीत. पाचव्या-सहाव्या भट्टीतली जोडणी एरवी उघडी असे. रोजच्या कामात त्या दोन स्वतंत्र इमारतीच होत्या, जनरेटर वेगळे, पॅनल वेगळे. अडचण आल्यावर माणसांनी विचार करून ती जोडली. नरोराच्या केबली कागदावर वेगळ्या आणि जागेवर एकत्र होत्या. सामाईक काय आहे हे नकाशात शोधलं तर पुष्कळदा सापडत नाही. इमारतीत फिरून शोधावं लागतं. दोन जनरेटरच्या केबली एकाच खंदकात, एकाच ढाप्याखाली आहेत का? दोन्ही पॅनल एकाच तळघरात आहेत का, आणि मुंबईतल्या २६ जुलै २००५ सारख्या पावसात तिथे पाणी कुठपर्यंत चढेल? दोन्ही यंत्रांना डिझेल एकाच टाकीतून, एकाच पंपाने येतं का? न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात २०१२ च्या सँडी वादळात जनरेटर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते, पण त्यांना डिझेल पोचवणारे पंप तळघरात बुडाले. मग माणसांनी डिझेल हातोहात जिन्याने वर चढवलं.

जोडलेलं राहणं आणि वेळ आली की वेगळं होणं, हे मुंबई शहर मोठ्या मापात करतं. राज्याच्या ग्रिडशी जोडलेलं असताना शहराला बाहेरची वीज मिळते. ग्रिड कोसळू लागलं तर तारा तोडून स्वतःच्या वीजकेंद्रांवर बेटासारखं उभं राहायची यंत्रणा १९८० च्या दशकापासून आहे. अनेकदा तिने शहर सावरलं. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मात्र ती तगली नाही, लोकल जागच्या जागी थांबल्या. ट्रॉम्बे आणि डहाणूतून तेव्हा शहराला जेवढी वीज मिळू शकत होती, तेवढी भार उचलायला पुरी पडली नाही. तुटून वेगळं होण्याची सोय असली तरी वेगळं झाल्यावर स्वतःच्या पायावर उभं राहण्याइतकं बळ आत असावं लागतं. सोसायटीच्या भाषेत सांगायचं तर, पहिल्या इमारतीच्या जनरेटरला दुसरीचा भार देताना काय काय आधी सोडून द्यायचं, ते ठरलेलं हवं. फायर पंप सुरू झाला तर दुसरीचा फीडर आपोआप पडला पाहिजे, हे मी पहिल्या क्रमांकावर ठेवीन.

या सगळ्याची खरी चाचणी दर आठवड्याला दहा मिनिटं जनरेटर रिकामा फिरवून होत नाही. त्याने फक्त बॅटरी आहे एवढं कळतं. अर्थात तेही थोडं नाही, कारण ऐन वेळी जनरेटर सुरू न होण्याचं सगळ्यांत साधं कारण मेलेली बॅटरीच असते. पण रविवारी सकाळी सगळ्यांना आधी सांगून दोन्ही इमारतींचे मुख्य ब्रेकर खरोखर पाडावेत, कपलर लावावा, दोन्हीकडच्या लिफ्ट आणि पंप चालवावेत, आणि दुसऱ्या टोकाला मीटर लावून व्होल्टेज बघावा. पहिल्या चाचणीत काहीतरी निघतंच. पॅनलच्या दारावरची आकृती जुनी निघते, ‘स्पेअर’ लिहिलेल्या ब्रेकरवर कुणाचा तरी एसी निघतो, क्लबहाउसचा गीझर जिन्यातल्या दिव्यांच्या फीडरवर सापडतो. हे निघावं म्हणूनच चाचणी करायची. बदल केले की नवी आकृती काढून पॅनलच्या दारामागे लावायची आणि विद्युत निरीक्षकांच्या मंजुरीच्या फायलीतही ठेवायची.

शेवटी पैसे. मधल्या फीडरवर वेगळा युनिट मीटर बसवावा आणि जनरेटरच्या तासमीटरची नोंद दोन्ही इमारतींच्या सेक्रेटरींनी महिन्याला एकदा एकत्र सही करून ठेवावी. डिझेलचा खर्च युनिटांवर वाटावा. बॅटरी, तेल, फिल्टर, वार्षिक देखभाल हा स्थिर खर्च मंजूर भाराच्या प्रमाणात. हे केबल टाकण्याआधी लेखी ठरवलेलं बरं. केबल आधी पडली आणि मीटर ‘नंतर बघू’वर राहिला, तर पहिल्या उन्हाळ्यानंतरची सर्वसाधारण सभा रात्री साडेअकरापर्यंत चालते, आणि तिथे इलेक्ट्रिकल इंजिनिअरचा काही उपयोग नसतो.